रुग्णालयातल्या लोकांनी सायकलने, पायी कामावर यावं म्हणून: आधी स्टँड, फलक नंतर

रुग्णालयात सायकलला चालना द्यायची ठरली की पहिला खर्च फलकावर होतो. ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, अधीक्षक हिरवा झेंडा दाखवतात, चार-पाच डॉक्टर हेल्मेट घालून फोटोला उभे राहतात आणि पुढच्या आठवड्यात पाऊस सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ही तारीख ठरवली तेव्हा त्यांच्यापुढे आपला पावसाळा नव्हता. महाराष्ट्रात हे काम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू करावं. हवा बरी असते, आणि नवीन माणसाला सवय लागायला पुढे चार महिने मिळतात. त्यासाठी तयारी ऑगस्टपासूनच लागते.

फोटोत जे नसतात त्यांच्यातलेच बरेच जण आधीपासून रोज सायकलने किंवा चालत येत असतात. सफाईच्या मावशी, वॉर्डातले मामा, लाँड्रीतली मुलं, सुरक्षारक्षक. त्यांच्या सायकली जनरेटरच्या मागे किंवा झाडाला साखळीने बांधलेल्या असतात. कामाची सुरुवात याच लोकांपासून करा. त्यांची सोय झाली की बाकीच्यांना सांगावं लागतं ते थोडंच.

पुढचं सगळं पुणे, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरातल्या दोनशे ते चारशे कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयाला धरून आहे. पाळ्या साधारण सकाळी ७ ते २, दुपारी २ ते ९ आणि रात्र, अशा धरल्या आहेत. वेळा अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे असतील.

आधी कोण कुठून येतं ते बघा

ऑनलाइन फॉर्म पाठवू नका. तो ऑफिसातले लोक भरतात, वॉर्डातले भरत नाहीत. अर्ध्या पानाचा मराठी कागद काढा आणि तो मेट्रनमार्फत ड्युटी लावतानाच भरून घ्या. कंत्राटी सफाई आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांचे कागद त्यांच्या सुपरवायझरकडून घ्या. ते रुग्णालयाच्या हजेरीपटावर नसतात म्हणून हमखास राहून जातात. प्रश्न पाचच ठेवा: घराजवळचा चौक किंवा बसथांबा कोणता, सध्या कशाने येता, महिन्यात रात्रपाळ्या किती, सायकल येते का, आणि सायकलने किंवा चालत न येण्याचं एकच मोठं कारण कोणतं. पत्ता विचारायची गरज नाही, चौक पुरतो.

मग शहराचा नकाशा घेऊन टाचण्या लावा. रस्त्याने २ किलोमीटरच्या आतले चालत येऊ शकतात (साधारण २५ मिनिटं), ६ किलोमीटरच्या आतले सायकलने (२५ ते ३० मिनिटं, सिग्नल धरून). नकाशावर वर्तुळ काढाल तर ते लहान काढा, कारण प्रत्यक्ष रस्ता सरळ रेषेपेक्षा पाव-एक हिश्शाने तरी लांब पडतो. नदी, रेल्वे किंवा महामार्ग आडवा असेल तर त्याहून जास्त.

व्हिजिटिंग कन्सल्टंटच्या (बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या) मागे लागू नका. ते दिवसात तीन ठिकाणी राउंड घेतात आणि मध्यरात्रीच्या कॉलला त्यांना गाडीच लागते. खरी संधी वॉर्ड, लॅब, फार्मसी, बिलिंग, रेकॉर्ड रूम, इंटर्न आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींमध्ये असते.

आणखी एक. सात तास वॉर्डात उभ्या असलेल्या सिस्टरला व्यायामाचे फायदे सांगायला जाऊ नका, तिला राग येतो आणि तो रास्त असतो. तिला पैशाचा हिशेब सांगा: जाऊन-येऊन १० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २६० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर पावणेसहा लिटर पेट्रोल, सहाशेच्या आसपास रुपये, सर्व्हिसिंग वेगळं. व्यायामाचा मुद्दा खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते; जाताना पंधरा मिनिटं आणि येताना पंधरा मिनिटं झपझप चालणं, आठवड्याचे पाच दिवस, एवढ्यात तो पुरा होतो.

स्टँड

जागा निवडताना एकच कसोटी लावा: स्टँडपासून पंचिंग मशीनपर्यंत (हजेरीच्या यंत्रापर्यंत) तीसेक मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, आणि सुरक्षा केबिनमधून सायकली दिसाव्यात. मागच्या बाजूला, जैविक कचऱ्याच्या खोलीजवळ किंवा शवागाराच्या वाटेवर स्टँड टाकला तर तो रिकामाच राहतो. रात्री ९ ला सुटणारी मुलगी तिथे जाणार नाही.

चारचाकीची एक जागा (५ × २.५ मीटर) मिळवली की दहा सायकली बसतात. त्यासाठी उलट्या यू आकाराचे पाच स्टँड लागतात. फॅब्रिकेटरला असं सांगा:

- ४० ते ५० मिमी व्यासाचा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, एका तुकड्यात वाकवलेला; जमिनीवर उंची ७५ सेंमी, लांबी ७५ ते ८० सेंमी.
- दोन्ही पाय काँक्रीटमध्ये २५ ते ३० सेंमी खाली, तळाला आडवी सळई वेल्ड केलेली, म्हणजे स्टँड उपसता येत नाही.
- दोन स्टँडमध्ये १ मीटर अंतर, कडेच्या स्टँडपासून भिंतीपर्यंत निदान अर्धा मीटर. प्रत्येक स्टँडला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल.
- गॅल्व्हनाइज्ड पाइप परवडला तर उत्तम; नाहीतर रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट, दर दिवाळीला पुन्हा एक हात.

पुढचं चाक खाचेत अडकवायचे जे तयार रॅक मिळतात ते घेऊ नका. शेजारची सायकल कलंडली की चाकाला बाक येतो, आणि फ्रेम कशालाच बांधता येत नाही; चोर चाक सोडून बाकी सायकल घेऊन जातो. यू स्टँडला साखळी फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घालता येते. लेडीज सायकलला वरचा दांडा नसतो, तिची साखळी सीटखालच्या नळीभोवती घालायला दाखवा. मागच्या चाकाचं गोल कुलूप तेवढं लावून भागत नाही, सायकल उचलून टेम्पोत टाकता येते.

वर पत्रा टाकताना तो सायकलींच्या पुढे निदान ४५ सेंमी आला पाहिजे. पाऊस तिरका येतो आणि भिजते ती सीट. दिवा रात्रभर चालू राहील अशा लाइनवर घ्या; वॉचमनच्या बटणावर ठेवलात तर तो विसरणार.

पंचिंगचा घोळ

बहुतेक उपक्रम अडखळतात ते इथे. सिस्टर ६.५० ला गेटवर पोचते, कपडे बदलते, मग पंच करते तेव्हा ७.०५ झालेले असतात आणि लेट मार्क लागतो. किंवा ती वेळेत पंच करते आणि मग बदलायला जाते, तोवर रात्रपाळीची सिस्टर ओव्हर द्यायला, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवायला, ताटकळत उभी असते. तीन लेट मार्कला अर्धी रजा कापणाऱ्या ठिकाणी दोन आठवड्यांत सगळे परत स्कूटरवर येतात.

उपाय लेखी हवा. एचआरच्या सहीचा चार ओळींचा आदेश काढा: पंचिंग गेटपाशी, आल्या आल्या, बदलायला दहा मिनिटं, ओव्हर ७.१० ला, जाणाऱ्या पाळीची वेळही तेवढीच सरकलेली. रात्रपाळीच्या लोकांची संमती आधी घ्या, नाहीतर सायकलवाल्यांच्या नावाने वॉर्डात कुरकुर सुरू होते.

गेटवरचा सुरक्षारक्षक हाही या साखळीतला महत्त्वाचा माणूस. कार आली की तो बॅरिअर उचलतो आणि सायकल आली की 'तिकडं मागं लावा' म्हणतो. त्याला नवी सूचना तोंडी देऊ नका, ड्युटीच्या वहीत लिहून द्या आणि तिन्ही पाळ्यांच्या सह्या घ्या.

कपडे, घाम, गणवेश

नियम सरळ ठेवा: गणवेश आणि वॉर्डातले बूट रस्त्यावर येणार नाहीत, स्क्रब (ऑपरेशन थिएटरमधले कपडे) तर नाहीच. संसर्ग नियंत्रण समितीला हे हवंच असतं, म्हणून चेंजिंग रूमचा प्रस्ताव तिच्यामार्फत नेला तर लवकर मंजूर होतो.

खोलीत काय लागतं? माणशी एक लॉकर हा हट्ट धरू नका. पाळीनिहाय वापरा, किल्ली जाताना परत. ३० × ४५ × ९० सेंमीचा, दाराला जाळी असलेला लॉकर पुरतो. बसायला बाक, भरपूर खुंट्या, पंखा, आरसा. एका न्हाणीघरात अर्ध्या तासात फार तर चार जण आटोपतात, त्यामुळे संख्या वाढली की तिथे रांग लागते; पण ५ किलोमीटर सावकाश आलेल्याला अंघोळ लागतेच असं नाही. घाम सायकलवरून उतरल्यावर जास्त येतो, कारण वारा थांबतो आणि शरीर अजून तापलेलं असतं. आल्या आल्या तोंड धुऊन गणवेश चढवला की तो पाच मिनिटांत पाठीला चिकटतो. पंख्याखाली पाच-सात मिनिटं बसून मग ओल्या पंच्याने पुसलं, की काम भागतं. सॅक पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधायची, पाठीचा निम्मा घाम तिथेच वाचतो.

साडी, सलवार-ओढणीत येणाऱ्यांसाठी पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड लागतं. या दोन गोष्टी नसलेली फॅन्सी गिअरची सायकल त्यांच्या काही कामाची नाही. ओढणी कमरेला गाठ मारून, टोकं मोकळी न सोडता.

कंत्राटी मावशींना ही खोली वापरता येते की नाही, ते आदेशात स्पष्ट लिहा. न लिहिल्यास त्यांना येऊ दिलं जात नाही, हे गृहीत धरा.

पुन्हा शिकणाऱ्यांसाठी

बऱ्याच जणींनी सायकल शाळेनंतर सोडलेली असते, काही जणी कधीच शिकलेल्या नसतात. रुग्णालयाने पाच-सहा साध्या सायकली घ्याव्यात आणि दोन-दोन आठवडे वापरायला द्याव्यात. विकत घेण्याआधी रस्ता आणि गुडघे दोन्ही तपासून होतात.

शिकवायचं ते रविवारी सकाळी, पार्किंगच्या मोकळ्या जागेत. मागे धरून पळायची पद्धत सोडा. दोन्ही पायडल काढा (१५ चा पाना, उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्याची आटी उलटी असते, चुकीच्या दिशेला जोर लावला तर ते आणखी आवळतं). सीट इतकी खाली करा की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. मग पायांनी ढकलत, हलक्या उतारावर घरंगळत तोल साधायचा. सलग आठ-दहा मीटर पाय वर ठेवता आले की पायडल बसवा. बहुतेकींना दोन-तीन रविवार पुरतात. रस्त्यावर जाण्याआधी एका हाताने इशारा करणं आणि मान वळवून मागे बघणं, दोन्ही जमलं पाहिजे.

तोल आला की सीट वर घ्या. पायडल सर्वांत खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. आपल्याकडे भीतीपोटी सीट खालीच ठेवतात, आणि महिन्याभरात 'सायकलने गुडघा दुखतो' ही तक्रार येते.

रस्ता

प्रत्येक दिशेची एक वाट ठरवा आणि ती खऱ्या वेळेला तपासा. सकाळी ६.१५ ते ७, दुपारी १.१५ ते २ आणि रात्री ९ नंतर. रविवारी दुपारी पाहिलेला रस्ता सोमवारी पहाटे वेगळाच असतो. मोठ्या रस्त्यावरची सायकल ट्रॅकची खूण बघून भुलू नका. पुण्यात सातारा रस्ता, पौड रस्ता इथे ट्रॅक बांधले गेले, पण सलग, मोकळा ट्रॅक मिळणं कठीण. पेठेतली, सोसायट्यांमधली आतली गल्ली अर्धा किलोमीटर लांब पडली तरी ती घ्या. उड्डाणपूल टाळायचेच.

बघायच्या गोष्टी: चाकाच्या दिशेने गज असलेल्या गटाराच्या जाळ्या, शाळेच्या बस, डावीकडे वळणाऱ्या बसच्या आतल्या अंगाला सापडण्याची ठिकाणं, उभ्या गाड्यांची दारं (हातभर नाही, मीटरभर अंतर ठेवा), आणि पहाटेची कुत्री. कुत्रं मागे लागलं तर जोरात पायडल मारू नये. उतरावं, सायकल मध्ये ठेवावी, चालत पुढे जावं. चावलं तर काय करायचं हे या वाचकांना सांगायला नको.

चालणाऱ्यांचा अडथळा बहुतेक वेळा रुग्णालयाच्या दारातच असतो: मेडिकल दुकानांपुढच्या दुचाकी, शहाळ्यांच्या गाड्या, रिक्षांचा घोळका, उघडं चेंबर. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला पत्र द्यायचं तर एका पत्रात एकच मागणी, फोटो, ठिकाण आणि वेळ लिहून, अधीक्षकांच्या सहीने. 'परिसर चालण्यायोग्य करावा' असं लिहिलेलं पत्र फायलीत जातं. 'मुख्य गेटसमोरच्या चेंबरचं झाकण बसवावं' यावर माणूस येतो.

आणि सर्वांत स्वस्त काम आतच आहे. बऱ्याच आवारांचं मागचं फाटक संध्याकाळी बंद होतं आणि बसथांब्यावरून येणाऱ्याला पूर्ण वळसा पडतो. पाळी बदलताना अर्धा-अर्धा तास ते उघडं ठेवा, एक रक्षक उभा करा. चालत येणारे लगेच वाढतात.

जिथे घर लांब आहे तिथे अर्धी वाट चाला. पुण्यात वनाज-रामवाडी मेट्रोमार्गावर रुबी हॉल क्लिनिक नावाचं स्थानकच आहे. मुंबईत परळच्या रुग्णालयांतले कित्येक जण लोकलने उतरून चालतच येतात. गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला महामार्गालगत आहे, तशा जागी सायकलचा आग्रह न धरता बसथांबा ते वॉर्ड एवढी वाट नीट करावी.

रात्रपाळी आणि दुपारचं ऊन

रात्रपाळी काढलेल्या माणसाने सायकल चालवत घरी जाऊ नये. झोपेची गुंगी त्याला स्वतःला कळत नाही. सायकल स्टँडवरच ठेवून बसने जाण्याची मुभा द्या. त्यासाठी स्टँडवर सायकल दोन दिवस उभी राहिली तरी कोणी हलवू नये. रात्री घरी सोडणारी ड्रॉपची गाडी सायकल उपक्रमाच्या नावाखाली बंद करायचा मोह व्यवस्थापनाला होतोच. ती बंद होणार नाही हे पहिल्या परिपत्रकात लिहा, नाहीतर पहिल्या दिवसापासून विश्वास बसणार नाही. पाळी अचानक लांबली, मूल आजारी पडलं, तर महिन्यातून दोनदा रिक्षाचं भाडं रुग्णालयाने द्यावं. ही सोय फार कमी वापरली जाते, पण ती असते म्हणून लोक सायकल आणायला धजावतात.

दुपारची पाळी २ ला, म्हणजे माणूस घरून सव्वाला निघतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरला एप्रिल-मेमध्ये ती वेळ सायकलची नाही. तिथे त्या दोन महिन्यांत फक्त सकाळची पाळी मोजा आणि दुपारच्यांना सायकलमधून सरळ सूट द्या.

ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेल्यांना एक माहिती आवर्जून द्या: घर ते काम या वाटेवर झालेला अपघात, वेळ आणि ठिकाण यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर, नोकरीतलाच अपघात मानला जातो. ईएसआय कायद्यात हे २०१० च्या दुरुस्तीने कलम ५१-ई म्हणून आलं होतं. म्हणून पंचिंगच्या वेळा खऱ्या असू द्या.

पाऊस आणि दुरुस्ती

पावसाळ्यात निम्मे लोक गळाले तरी ते अपयश नव्हे. जे येतात त्यांच्यासाठी दोन्ही मडगार्ड हवेत, पुढच्याला खाली रबरी पट्टी, नाहीतर चिखल पायांवर येतो. गल्लीतून येणाऱ्याला पॉन्चो बरा, घाम कमी येतो. बसच्या रस्त्यावरून येणाऱ्याने दोन तुकड्यांचा रेनसूट घालावा, कारण पॉन्चो वाऱ्याने फुगतो आणि हाताचा इशारा झाकतो. रेनकोटच्या टोपीने कडेचं दिसत नाही, तिच्यावर हेल्मेट घट्ट बसलं पाहिजे. रिम ओली असताना ब्रेकचा पहिला फेरा पाणी पुसण्यातच जातो, म्हणून अंतर दुप्पट धरायचं. ओले रेनकोट लॉकरमध्ये नाहीत. त्यांना पंख्याखाली वेगळी दोरी.

दुरुस्तीचा कोपरा एका टेबलावर मावतो: गेजचा उभा पंप (साखळीने बांधलेला, नाहीतर आठवड्यात जातो), ४, ५, ६ चे ॲलन पाने, १३ ते १५ चे साधे पाने, टायर लिव्हर, पंक्चरच्या पट्ट्या आणि सोल्यूशन, चेन ऑइल, ब्रेकशू, व्हॉल्व्हची रबरी नळी. हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो, तो वाचा. कमी हवेत सायकल जड जाते आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून तिला दोन भोकं पडतात.

साध्या सायकलची हवा रोज थोडी कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर आतली रबरी नळी वाळून चिरलेली असते. नवी घाला, पाच मिनिटांचं काम आहे. पंक्चर काढताना टायरच्या आतून फडक्याने चाचपा. बाभळीचा काटा किंवा तार तिथेच राहिली तर संध्याकाळी पुन्हा तेच. पट्टी लगेच चिकटवू नका. सोल्यूशनचा ओलसर चमकणारा थर मंद होईपर्यंत, चार-पाच मिनिटं, थांबा. जवळच्या सायकल दुकानातल्या कारागिराला पंधरा दिवसांतून एकदा दुपारी १.३० ते ३ बोलवा, म्हणजे दोन पाळ्या सापडतात.

विजेच्या सायकली येऊ लागतील. २५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग, अशांना नोंदणी लागत नाही. पण त्यांची बॅटरी वॉर्डात, जिन्याखाली किंवा ऑक्सिजनच्या आसपास चार्ज होता कामा नये. बाहेर, छपराखाली, स्वतंत्र एमसीबीवर (जादा भार आला की वीज तोडणाऱ्या बटणावर), आणि लोक जागे असताना.

मोजणी

किलोमीटरची स्पर्धा ठेवू नका. ॲपवर नावं चढतात, दोन हौशी सायकलपटू सगळी बक्षिसं नेतात आणि एक किलोमीटर चालत येणाऱ्या मावशी हिशेबातच येत नाहीत. दिवस मोजा. महिन्यात बारा दिवस सायकलने किंवा पायी आलेल्या प्रत्येकाला सारखंच: मागचा लाल दिवा, छत्री, सर्व्हिसिंगचं कूपन, जे बसेल ते.

संख्येसाठी दर बुधवारी सकाळी १०, दुपारी ४ आणि रात्री ११ ला रक्षकाने स्टँडवरच्या सायकली मोजून वहीत लिहाव्यात. चालत येणाऱ्यांचा आकडा त्याच दिवशी गेटवर पाळीच्या वेळी. तुलना जुलैची जुलैशी करा. फेब्रुवारीशी केलीत तर व्यवस्थापन पुढच्या वर्षीचा खर्च कापेल.

वर्षभरात स्टँडवर काही सायकली धूळ खात पडतात आणि जागा अडवतात. नोकरी सोडून गेलेल्यांच्या, पंक्चर होऊन विसरलेल्या. तारखेचा कागद बांधा, नोटीस बोर्डावर लावा, तीस दिवस वाट बघा. मालक आला नाही तर अधीक्षकांच्या लेखी परवानगीने साखळी कापा, ट्यूब आणि ब्रेकशू बदला आणि वापरायला द्यायच्या सायकलींत तिची भर घाला.